विटांच्या जागी हौसा

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक चढ चढा. पायाखाली लाल निसरडी वाट आहे. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कारवीचं रान. तुमच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर गवताचा भला थोरला भारा. मान ताठ ठेवावी लागतेय. घाम नाकावरून ओघळतोय आणि पुसायला हात मोकळा नाही. आता तुम्हाला घटकाभर दम खायचाय. भाऱ्याचं काय कराल?

टाकून देऊ, असं तुम्ही म्हणाल. टाकणं सोपंच आहे. पण टाकलेला भारा पुन्हा एकट्यानं डोक्यावर चढवून बघा, मनातल्या मनात. कंबरेपर्यंत येईल. छातीपर्यंतही येईल. तिथून पुढं हात लांब करावे लागतात, भारा अंगापासून दूर जातो, आणि जितका दूर जातो तितका जड वाटायला लागतो. वजन तेवढंच असतं, तरी जड. भरलेली कळशी कंबरेवर घेऊन चाला आणि तीच कळशी हात पुढं ताठ करून धरा, म्हणजे मी काय म्हणतो ते तुमचे खांदेच तुम्हाला सांगतील.

म्हणून वेल्ह्याच्या डोंगरात एक रीत होती. वाटेत कुणी भारा घेऊन येताना दिसलं की समोरच्यानं थांबायचं, ओळखीचं असो की नसो. भारा उतरवायला हात लावायचा. दम खाऊन झाला की चढवायला पुन्हा हात लावायचा, आणि मगच आपल्या वाटेनं जायचं. हात न लावता कुणी पुढं गेलं, तर त्याची गोष्ट गावात चार दिवस चघळली जाई.

पासली गावातल्या हौसाला ही रीत तिच्या आईनं शिकवली. आईचं नाव गीताबाई. हौसा पाच वर्षांची होती तेव्हापासून आई सरपणाची मोळी घेऊन आली की अंगणात थांबायची आणि हाक मारायची, "हौसे, वझं दिसलं की काय करायचं?"

"हात लावायचा!" म्हणून हौसा धावत यायची आणि मोळीच्या खालच्या टोकाला दोन्ही हात लावायची. तिच्या हातांनी कितीसा भार कमी होणार? पण आई दर वेळी म्हणायची, "हां, आता कसं हलकं झालं!"

ही गोष्ट साधारण अडुसष्ट सालची. त्या वर्षी हौसा नऊ वर्षांची होती. आषाढात भाताची लावणी चालली होती. गीताबाई रोपांचा भारा डोक्यावर घेऊन वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरत होती. बांध पावसानं लोण्यासारखा झालेला. तिचा पाय सरकला, भारा एकीकडं गेला, ती दुसरीकडं पडली, आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं.

बांबूला घोंगडी बांधून डोली केली. चार माणसांनी तिला चिखलातून वेल्ह्यापर्यंत नेलं आणि तिथून गाडीनं भोरला, बारा खाटांच्या एका दवाखान्यात. सोबत आत्या गेली, ठकुबाई. हौसा डोलीमागं ओढ्यापर्यंत पळाली. ओढ्याला पाणी होतं, म्हणून तिच्या बापानं, जगननं, तिला उचलून मागं ठेवलं.

"पोरी, घरी ऱ्हा. कोंबड्या कोण बगंल?"

हौसानं कोंबड्या बघितल्या. भात शिजवला. पण घरात एक वस्तू अशी होती की तिच्याकडं बघितलं की तिला आईची फार आठवण यायची. ती वस्तू म्हणजे जातं.

आई आणि हौसा समोरासमोर बसून नाचणी दळायच्या. जात्याचा खुंटा एकच. वर आईचा हात, खाली हौसाचा. आई उजवा पाय लांब पसरून बसायची, डावा दुमडून. हौसा तिची नक्कल करायची. आता ती एकटीच बसली. दगड हलेना. तिनं खुंट्याऐवजी मधल्या भोकाशी धरून ढकलून बघितलं, तर मुळीच हलेना. पुन्हा कडेचा खुंटा धरला, अंग मागंपुढं टाकलं, तेव्हा कुरकुरत एक फेरा झाला. खुंटा दगडाच्या अगदी कडेला का ठोकलेला असतो, ते तिला त्या दिवशी कळलं. पण तिला ते कळून घ्यायचं नव्हतं. तिला वरचा हात हवा होता.

पीठ जाडंभरडं निघालं. भाकरी थापताना तुटली. जगननं ते तुकडे ताकात कुस्करून मुकाट्यानं खाल्ले.

वीस दिवस असे गेले. लावणी उरकली, तेव्हा जगन म्हणाला, "चल, तुला भोरला नेतो."

दवाखान्यात बायकांच्या खोलीत चार खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर गीताबाई होती. हौसाला वाटलं होतं की आपण पळत जाऊन आईला मिठी मारू. पण खाट भलतीच होती. पायथ्याचे दोन पाय लाकडी ठोकळ्यांवर ठेवून उंच केलेले, त्यामुळं आईचं डोकं खाली आणि पाय वर. उजव्या पायाला चिकटपट्ट्या लावून वर पांढरं फडकं गुंडाळलेलं. तळव्यापाशी लहानशी फळी. फळीतून एक सुती दोरी निघालेली, ती खाटेच्या टोकाला लावलेल्या कप्पीवरून खाली वळलेली. आणि दोरीच्या शेवटाला, जमिनीपासून वीतभर वर, दोन विटा लोंबत होत्या.

"आलीस व्हय गं?" आई म्हणाली. मग तिनं हौसाला खाटेशेजारी जमिनीवर बसवलं आणि पडल्या पडल्या तिची वेणी सोडली.

शेजारच्या खाटेवर सारोळ्याची अंबूबाई होती. तिचा हात मोडला होता, जीभ शाबूत होती. ती म्हणाली, "ही येनी कुणी घातली म्हनायची? कासरा वळनाऱ्यानं?"

"म्याच," जगन दारातून म्हणाला.

"तरीच! पोरगी निसटून जानार न्हाई कुठं."

सगळे हसले. आईही हसली. तिच्या बोटांनी हौसाच्या केसांतून फणी फिरत होती, आणि हौसाला वाटलं, दिवसभर गुंता सुटू नये.

तेवढ्यात डॉक्टर आले. गोरे, घाईत असलेले, पण बोलायला बरे. ते म्हणाले, "हाड नीट जुळतंय. दसऱ्याला पट्ट्या काढू. मग काठीवर चालायचं. तुमची ती पौर्णिमा असते ना, नव्या भाताची? तोपर्यंत घरी."

"नव्याची पुनव," हौसा म्हणाली. पुनवेला नवं भात घरात येतं, आणि ते आणायचा मान घरातल्या बाईचा. हौसानं बोटं मोजली. दोन महिने.

दुपारी जगन बाजारात गेला. आत्या कपड्यांचं गाठोडं घेऊन नदीवर गेली. अंबूबाई घोरू लागली. आईचाही डोळा लागला. हौसा विटांकडं बघत बसली.

आता मुलांनो, तुम्हीच सांगा. सकाळपासून तिनं काय बघितलं होतं? आईच्या पायाला ओझं टांगलेलं. सिस्टर आल्या नि गेल्या. डॉक्टर आले नि गेले. अंबूबाईला भेटायला चार पाहुणे आले नि गेले. ओझ्याला एकानंही हात लावला नाही. वीस दिवस आई ते ओझं ओढत होती आणि कुणी तिला दम खाऊ देत नव्हतं. शहरगावच्या माणसांना रीत नसेल, पण हौसाला होती.

तिनं कोपऱ्यातलं स्टूल आवाज न करता सरकवलं. दोन्ही विटा खालून हात घालून उचलल्या आणि स्टुलावर ठेवल्या. दोरी सैल पडली. झोपेत आईनं एक लांब श्वास सोडला. हौसाला वाटलं, आता ती उठली की म्हणेल, "हां, आता कसं हलकं झालं!" ती स्टुलाला पाठ लावून राखण करत बसली.

दीड तास गेला असेल. आई जागी झाली ती किंचाळतच. मांडी धरून ती ओठ चावत होती. अंबूबाई ओरडली, "अगं ए मालिनीबाई! धावा की!" सिस्टर मालिनीबाई धावत आल्या. त्यांनी स्टूल बघितलं, विटा बघितल्या आणि हौसाला बघितलं.

"हे कुणी केलं?"

"म्या," हौसा म्हणाली. "आयेचं वझं उतरलं."

मालिनीबाईंचा आवाज चढला. "आधी बाहेर हो! पुन्हा या विटांच्या जवळ दिसलीस तर दवाखान्यात पाऊल ठेवू देणार नाही!"

डॉक्टरांनी येऊन मापाची फीत काढली. कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत आधी डावा पाय मोजला, मग उजवा. उजवा अर्धा इंच कमी भरला. हौसा दाराआडून ऐकत होती.

"आता अर्धी वीट वाढवावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "लांबी परत आली तर ठीक. नाही आली तर पाय आखूड राहील. सपाटीवर चालेल कसंही, पण यांचं गाव डोंगरात आहे. आणि पौर्णिमेचं आता काही सांगता येत नाही."

हौसा व्हरांड्यात जाऊन खांबामागं बसली. रडलीसुद्धा नाही. ज्या हातांनी विटा उचलल्या ते हात तिनं परकराखाली लपवले होते.

थोड्या वेळानं तिच्याजवळ एक म्हातारा येऊन बसला. त्याचं नाव सावळाराम. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, दोऱ्या ओवणं ही दवाखान्यातली कामं तो करायचा. तिच्याकडं न बघताच त्यानं खिशातून एक तुरीची काडी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या काढल्या. पट्ट्या चांगल्या ताणून काडीच्या दोन्ही टोकांना बांधल्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला.

"ही काडी म्हंजी तुज्या आयेच्या मांडीचं हाड. आन् ह्यो रबर म्हंजी मांस. आता मोड काडी."

"न्हाई," हौसा म्हणाली. "म्या कायबी मोडनार न्हाई."

"बरं, मीच मोडतो." कट्‌ आवाज झाला. रबरानं लगेच दोन्ही तुकडे ओढून घेतले आणि ते एकमेकांच्या शेजारून सरकून बसले. काडी आखूड झाली.

हौसानं मान वर केली. "मोडल्यावं बी ओढतंय?"

"त्याला काय ठावं मोडलंय ते? त्याचं काम ओढायचं. हाड मदी उभं व्हतं तवर ते रबराला ताणून धरत व्हतं. आता त्याला आडवनारं कोन?" मग त्यानं काडीची दोन्ही टोकं धरून हळूहळू लांब केली. तुकडे सरकत सरकत पुन्हा टोकाला टोक येऊन उभे राहिले. "आता म्या सोडलं तर?"

"परत सरकंल."

"आन् किती येळ धरू? हाड जुळाया तर दोन-अडीच म्हयनं लागत्यात."

हौसानं त्याच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमी दमाल."

"म्हून तर विटा! मानूस दमतं, इट दमत न्हाई. जेवाया जात न्हाई, झोपत न्हाई, सणाला गावी जात न्हाई. दिसरात खाली ओढती."

"पर आयेचा पाय तर आडवा हाय. आन् इट खाली ओढती."

सावळाराम खूश झाला. "आत्ता कसं इचारलंस! इटंला खालीच ओढता येतं, बाकी काय येत न्हाई. दोरीला आडवं वळन लावाया कप्पी. कप्पी वजन कमी करत न्हाई, नुसती वाट बदलती. तुमच्या हिरीवर रहाट हाय न्हवं? तू खाली ओढतीस, कळशी वर येती. तसंच."

"मंग विटांनी आये समदीच खाली सरकंल की."

"म्हून खाट उचललीय. पाय वर, डोकं खाली. उतारावर मानूस कुनीकडं सरकतं? डोक्याकडं. विटा इकडं ओढत्यात, तुज्या आयेचंच वजन तिकडं ओढतं. दोगं ओढत्यात म्हून हाड सरळ ऱ्हातं." त्यानं काडी तिच्या हातात दिली. "पर एक ध्येनात ठेव. इट लोंबत ऱ्हायली पायजे. जमिनीला टेकली, का स्टुलाला टेकली, की तिचं वजन जमीन घेती. मंग आयेच्या पायाला काय उरलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पुन्हा मोजला. पाव इंच कमी होता. अजून पाव इंच यायचा होता. जगनला शेतावर परतायचं होतं. निघताना मालिनीबाईंनी हौसाला दारापर्यंतच येऊ दिलं. आईनं तिथूनच हाक मारली.

"हौसे, रडू नगंस. हात लावायचा म्हून म्याच शिकवलं न्हवं?" मग ती म्हणाली, "पर ह्ये वझं उतरवायचं न्हाई, बाळा. ह्येच मला घरला आणनार हाय."

घरी आल्यावर हौसानं पहिलं काम केलं ते हे. अंबाडीची दोरी घेतली, पडवीच्या आढ्यावरून टाकली. एक टोक खांबाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला, बापाच्या मदतीनं, दोन विटांएवढा एक दगड. जमिनीपासून वीतभर वर. जगननं विचारलं, "ह्ये काय?" ती म्हणाली, "असूं दे." त्यानं असू दिलं.

रोज सकाळी ती उठायची आणि दगडाखालून हात फिरवायची. हात मोकळा फिरला की तिला वाटायचं, तिकडंही विटा लोंबताहेत. आई तिकडं, ती इकडं, मध्ये राजगड, तोरणा आणि पावसानं भरलेले सगळे ओढे. दगडाखालून हात फिरवला की भोर थोडं जवळ यायचं. मग ती जात्यावर बसायची, एकटी, खुंट्याचा वरचा भाग मोकळा सोडून.

गौरी आल्या. शेजारणीनं हौसाच्या हातून गौर पुजून घेतली. गौरी गेल्या, आणि पावसानं उघडीप दिली. तीन दिवस लख्ख ऊन पडलं. भात पोटरीला आलं होतं, त्याच्यावर हिरवी चकाकी आली. सगळं गाव घोंगड्या वाळत घालत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी हौसानं दगडाखाली हात घातला, तर वीतभर जागेत दोन बोटंच शिरली.

तिनं खांबाची गाठ बघितली. गाठ घट्ट होती. आढं जागेवर होतं. दगड तोच होता. मग तो खाली आला कसा?

"दादा, दोरी लांब झाली!" तिनं बापाला हाक मारली.

जगन दात घासत होता. "व्हनारच की. पावसात दोरी फुगती, आकसती. ऊन पडलं की सैल पडती. आपल्या बाजंचं बग की, पावसाळ्यात टनटनीत, उन्हाळ्यात झोळ."

हौसानं अंगणातल्या उन्हाकडं बघितलं. भोरलाही तेच ऊन पडलं असणार. आईची दोरी सुताची, तीही अशीच सैल पडली असणार.

"दादा, भोरला जायाचं."

"परवा जायाचंच हाय."

"आज."

"आगं, आज खाचरातलं तन काढायचंय, बेननी..."

"आये हात लावाया कुनाला हाक मारनार? तिला तर वाटंल, हलकं झालं, बरं झालं! विटा टेकल्या असत्याल, दादा!"

जगननं तिच्याकडं बघितलं, मग दगडाकडं बघितलं. त्यानं तोंड धुतलं आणि डोक्याला फेटा बांधला.

पायी वेल्हे, तिथून एसटी, नसरापुराला गाडी बदलून भोर. पोचायला दुपार टळली. व्हरांड्यात हौसानं आधी सावळारामबाबांना शोधलं. ते नव्हते. गौरीच्या सणाला गावी गेले होते, अजून परतायचे होते. सणाला गावी न जाणाऱ्या विटा तेवढ्या हजर होत्या.

हौसा दारात थांबली. आत पाऊल टाकायची तिला बंदी होती. तिथूनच ती खाली वाकली आणि गाल जमिनीला लावून बघितलं. खाटेखाली उन्हाचा पट्टा पडला होता. वाढवलेली अर्धी वीट हवेत होती खरी, पण तिच्या खालच्या विटेचा कोपरा फरशीला टेकला होता. विटेखाली उजेडाची फट नव्हती.

आईनं तिला बघितलं. "हौसे? आगं, आत ये की! आज दोन दिस लई बरं वाटतंय मला. पाय कसा हलका लागतोय."

अंबूबाई कधीच घरी गेली होती. आत्या चहा आणायला गेली होती. खाट चार पावलांवर होती. हौसाला पळत जाऊन दोरी वर ओढावीशी वाटली. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले, एकमेकांत गच्च अडकवले, वळली आणि व्हरांड्यातून ओरडत सुटली, "मालिनीबाई! मालिनीबाई! इट टेकली!"

मालिनीबाई औषधाचा ट्रे घेऊन येत होत्या. हौसाला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा तू? आता काय केलंस?"

"कायबी न्हाई. हात बी लावला न्हाई. पर इट जमिनीला टेकली. उन्हानं दोरी लांब झाली. कागद घालून बगा."

मालिनीबाई आत गेल्या. गुडघ्यांवर बसल्या. खिशातला कागद विटेखाली सरकवून बघितला. कागद अडला. त्या उठल्या, बाहेर बघितलं. सावळाराम नाही, डॉक्टर व्हिजिटला गेलेले. खोलीत लंगडणारी एक म्हातारी आणि दारात जगन, तो बायकांच्या खोलीत यायला बिचकत होता.

"हौसा, इकडं ये," मालिनीबाई म्हणाल्या.

हौसा जागची हलली नाही.

"ये म्हणते ना. मला गाठ सोडून दोरी आखूड करायचीय. तेवढा वेळ ओढ सुटता कामा नये. कप्पीच्या खाली, इथं धर. दोन्ही हातांनी. हिसका द्यायचा नाही, नुसती खाली बसल्यासारखी लोंबायची. मी सांगेपर्यंत सोडायची नाही. जमेल?"

हौसानं दोरी धरली आणि आपलं वजन हळूहळू खाली सोडलं. मालिनीबाईंनी विटा उचलून बाजूला घेतल्या.

आणि तेव्हा हौसाला ते कळलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं. दगडाच्या दोरीला तसं नव्हतं. इथं दोरी मधूनच किंचित थरथरायची, जरा मागं जायची, पुन्हा यायची. आई श्वास घेत होती. मांडीचं मांस ओढत होतं, आईचं वजन पलीकडं उतारावर ओढत होतं, आणि या टोकाला हौसा लोंबत होती. इतके दिवस तिला आईच्या कुशीत शिरायचं होतं, आणि आता आईला जवळ आणायचं तर तिला दूर ओढत राहावं लागत होतं.

"हौसे, हात दुखत्यात व्हय गं?" खाटेवरून आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"न्हाई."

"खोटं."

"दुखत्यात. पर सोडनार न्हाई."

"नको सोडूस," आई म्हणाली.

हातांवर वळ उठले. बोटं पांढरी झाली. मालिनीबाईंनी गाठ बांधली, ओढून बघितली, विटा अडकवल्या. "आता. सावकाश. एकदम नाही." हौसानं आपलं वजन थोडं थोडं करून विटांना दिलं. विटा हलल्या, डुलल्या, वीतभर उंचीवर स्थिर झाल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी पाय मोजला. एकदा मोजला, मग पुन्हा मोजला. डावा आणि उजवा यांत दोऱ्याएवढा फरक होता. "एवढा चालतो," ते म्हणाले. "आणखी दोन दिवस विटा टेकून राहिल्या असत्या तर चालला नसता." हौसाकडून दगडाचं ऐकून मालिनीबाईंनी खडू घेतला, खाटेच्या पायावर विटेच्या उंचीला एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "रोज सकाळी बघायचं. ही पासलीची पद्धत." त्या रात्री हौसाला आईच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायला मिळालं.

दसऱ्याला पट्ट्या निघाल्या. पुनवेला सकाळपासून हौसा ओढ्यापाशी उभी होती. गाडी वेल्ह्यापर्यंत, पुढं डोली. पण ओढा ओलांडल्यावर गीताबाईनं डोली खाली ठेवायला लावली. एका हातात काठी, दुसरा हात ठकुबाईच्या खांद्यावर, अशी ती घरापर्यंतचा चढ चालत आली. सावकाश आली, चार ठिकाणी थांबली, पण दोन्ही पाय सारखे टाकत आली. दाराशी जगननं नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी तिच्या हातात दिली. ती घेऊन तिनं उंबरा ओलांडला.

पडवीत तिला दगड दिसला. आढ्यावरून लोंबणारा, जमिनीपासून वीतभर वर.

"ह्ये काय गं?"

आई हळूच जात्यापाशी टेकली. गुडघा अजून वाकत नव्हता, म्हणून तिनं उजवा पाय लांब पसरला. जात्यावर बसायला एक पाय लांब लागतोच. तिनं खुंट्यावर हात ठेवला, वरच्या बाजूला.

मग हौसा दगडाकडं गेली. त्याच्या खालून तिनं दोन्ही हात घातले, छातीशी धरला, एका हातानं गाठ सोडली, आणि दगड जमिनीवर उतरवून ठेवला. आणि येऊन आईच्या समोर बसली.